एक टनाचा ट्रेलर आणि एक इंचाची शहाबादी फरशी

युरोपातला कुणीतरी हातात रिमोट घेऊन उभा आहे आणि त्याचा कॅम्पिंगचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं एका खोलीचं घर, पुढे कुठलीही गाडी न जोडता वळत वळत गेटातून आत शिरतोय. असे व्हिडिओ आता सोलापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवरही फिरतात. त्यांच्यासोबत फुकटच्या ऊर्जेचे दावेही येतात: बारा व्होल्टची बॅटरी एक टन ओढते, म्हणजे जास्तीची शक्ती कुठून तरी येतेच, आणि वीज कंपन्या ती लपवून ठेवतात. ती कुठूनही येत नाही. पण ट्रेलरला बसवलेल्या मूव्हरच्या, म्हणजे त्याला हलवणाऱ्या यंत्राच्या, एवढ्याशा मोटरने एक टन वजन का हलतं, हा प्रश्न खरोखर सुंदर आहे.

प्रश्न आता परका राहिलेला नाही. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन, म्हणजे अशा चाकांवरच्या घरांतल्या, पर्यटनाचं धोरण आणलं. माझ्या एका परिचिताने अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटा ट्रेलर बनवून घेतलाय. वजन एक टनाच्या आसपास. घर जुळे सोलापुरात, गेट अरुंद, गल्ली त्याहून अरुंद.

बंद पडलेली मोटार सपाट डांबरी रस्त्यावर तुम्ही कधी ना कधी ढकलली असेल. एकदा चाकं फिरायला लागली की एक माणूसही ती पुढे नेतो. कारण आपण वजन उचलत नसतो, फक्त चाकांचा लोळण-विरोध मोडत असतो. कडक रस्त्यावर हवा भरलेल्या टायरसाठी तो वजनाच्या एक ते दीड टक्का असतो. एक टनाला १० ते १५ किलोचा जोर पुरतो. (शास्त्रात बल न्यूटनमध्ये मोजतात, एक किलोचा जोर म्हणजे ९.८ न्यूटन. इथे किलोच वापरतो.) पण गेटासमोर दहा मीटरला एक मीटर असा चढ असेल, तर त्यात वजनाचा दहावा भाग, म्हणजे १०० किलो, वाढतो. चार माणसं लागतात ती इथे.

आता शक्तीचा हिशोब. ११५ किलो म्हणजे सुमारे ११३० न्यूटन. मूव्हरचा वेग सेकंदाला साधारण १५ सेंटीमीटर. बल गुणिले वेग, उत्तर १७० वॅट. घरातला मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा असतो! गिअर आणि रोलरमध्ये निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया गेली असं धरलं, तरी बॅटरीतून चारेकशे वॅट, म्हणजे बारा व्होल्टला ३५ अँपिअर जातील. पाच मिनिटांत जेमतेम तीन अँपिअर-तास (बॅटरीतली वीज याच एककात मोजतात). हाच ट्रेलर त्याच चढावर ताशी १५ किलोमीटरने न्यायचा ठरवला, तर जवळपास ४७०० वॅट लागतील. जोर तेवढाच आहे, किंमत वेगाची आहे. मूव्हरने वेग सोडून दिला, म्हणून त्याला लहान मोटर चालते. यात कुठल्याही वीज कंपनीने लपवून ठेवण्यासारखं काही नाही.

यंत्र साधं आहे. दोन्ही चाकांजवळ चासीला एकेक मोटर, तिला गिअरबॉक्स, आणि त्यापुढे काही सेंटीमीटर जाडीचा खरखरीत अॅल्युमिनियमचा रोलर. बटण दाबलं की रोलर टायरवर घट्ट दाबला जातो आणि टायरला फिरवतो. रोलरचा पृष्ठभाग ज्या वेगाने सरकतो त्याच वेगाने टायरचा सरकतो, आणि तेवढ्याच वेगाने ट्रेलर पुढे जातो. म्हणून चाक लहान असो की मोठं, रोलरला टायरवर लावावा लागणारा जोर तोच राहतो. एक मोटर पुढे आणि दुसरी मागे फिरवली, की ट्रेलर जागच्या जागी वळतो.

हे वळणं महत्त्वाचं का, ते गळीत हंगामात रस्त्यावर उतरलात तर कळेल. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घ्यायची वेळ आली की कसलेला चालकही खाली उतरून आधी जागा बघतो. पुढे जाताना ट्रॉलीचा तिरकेपणा आपोआप कमी होतो. मागे जाताना तो आपोआप वाढतो, आणि जितका वाढेल तितका आणखी वेगाने वाढतो. मूव्हर ही सगळी भानगडच काढून टाकतो, कारण ओढणारी गाडी उरतच नाही.

पण माझ्या परिचिताच्या गेटापाशी खरी अडचण आहे ती शहाबादी फरशीची. अंगणात फरशी घातलीय आणि तिची कड रस्त्यापासून एक इंच, म्हणजे २.५ सेंटीमीटर वर आहे. चढ चालतो तिथे एका इंचाचं काय, असं कुणालाही वाटेल. इथे कागद-पेन्सिल घ्या.

चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर धरू. फरशीचा कोपरा चाकाच्या आसापेक्षा २७.५ सेंटीमीटर खाली आहे. पण कोपरा चाकाला टेकलेला आहे, तेव्हा आसापासून त्याचं सरळ अंतर ३० सेंटीमीटरच. झाला काटकोन त्रिकोण: कर्ण ३०, उभी बाजू २७.५. आडवी बाजू पायथागोरसच्या प्रमेयाने १२ येते. चाक चढायला लागतं त्या क्षणी ते या कोपऱ्याभोवती फिरतं. आसावरचं वजन कोपऱ्याच्या १२ सेंटीमीटर मागे सरळ खाली ओढत असतं, म्हणून त्याचं आघूर्ण, म्हणजे फिरवण्याचा जोर, वजन गुणिले १२. रोलर टायरच्या पृष्ठभागावर, आसापासून ३० सेंटीमीटरवर जोर लावतो, त्याचं आघूर्ण जोर गुणिले ३०. दोन्ही बरोबरीत आणले की जोर निघतो वजनाच्या १२/३०, म्हणजे ४० टक्के. दोन्ही चाकं एकदम कडेला भिडली तर ४०० किलो! दहाला एक चढाच्या चौपट, एका इंचासाठी.

पायरीची उंची बदलून बघा. एक सेंटीमीटरला २६ टक्के, अडीचला ४०, पाचला ५५. उंची पाचपट झाली तरी जोर दुपटीच्या थोडा वरच जातो, कारण तो साधारण उंचीच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. उलट बाजूने वाचलं तर याचा अर्थ असा की पहिला सेंटीमीटरच सगळ्यात महाग पडतो. टायर हवेचा असल्यामुळे कोपरा थोडा पोटात घेतो, त्यामुळे प्रत्यक्षात जोर काहीसा कमी लागतो. पण बहुतेक मूव्हर दहा ते पंचवीस टक्के चढाच्या हिशोबाने बनवलेले असतात. कडेपाशी मोटर गुरगुरते आणि नियंत्रक तिला बंद करतो, त्यात मोटरचा दोष नाही.

उपाय सुताराकडे आहे. २५ सेंटीमीटर लांबीची लाकडी पाचर कडेला लावली, की तोच एक इंच दहाला एकचा चढ होतो आणि ४०० चे १०० किलो होतात. पाचर नसेल तर ट्रेलर तिरका घालावा. एक चाक चढत असताना दुसरं सपाटीवरून ढकलतं.

आपल्याकडे नवीन गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवायची पद्धत आहे, आणि परिचिताच्या ट्रेलरच्या चाकांखालीही ती ठेवली गेली. लिंबू एक टन थांबवत नाही. दहाला एक उतारावर उभ्या ट्रेलरला १०० किलोचा जोर रात्रंदिवस खाली ओढत असतो आणि गल्लीत मुलं खेळत असतात. मूव्हर म्हणजे ब्रेक नव्हे. रोलर टायरपासून सुटला त्या क्षणी चाक मोकळं होतं. म्हणून आधी हँडब्रेक ओढायचा, चाकामागे दगड किंवा लाकडी ठोकळा लावायचा, आणि मगच रोलर सोडायचे. हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. रोलर लावलेलेच ठेवून ट्रेलर महिनोन् महिने उभा करू नये, टायरला त्या जागी खड्डा पडतो.

ज्यांच्या प्लॉटवर अजून फरशी नाही, काळी मातीच आहे, त्यांचा प्रश्न वेगळा. मऊ जमिनीत चाक रुततं आणि लोळण-विरोध वजनाच्या दहा टक्क्यांवर किंवा त्याहून वर जातो, म्हणजे सपाट अंगणच चढासारखं वागतं. शिवाय ओली माती टायरला चिकटून रोलरखाली येते, आणि रोलर नुसताच घसरत फिरतो. तिथे आणखी मोठी मोटर घेऊन उपयोग नाही. पावसाळ्यापूर्वी चाकांच्या दोन पट्ट्यांपुरता मुरूम टाकून तो चांगला दाबून घ्यावा, आणि ट्रेलर आत घेण्याआधी टायर धुवावेत.