कोत द्यु रोन : रोजच्या रेड वाइनची पारख

फ्रान्सच्या आग्नेय भागात रोन नदीच्या खोऱ्यात होणारी कोत द्यु रोन ही मुख्यतः रेड वाइन असून फ्रेंच घरांत व साध्या खानावळींत ती जेवणाबरोबर घेतली जाते. या नावाला १९३७ मध्ये ‘एओसी’, म्हणजे नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला. दक्षिणेकडच्या भागात ग्रनाश ही मुख्य द्राक्षजात. तिच्या जोडीला सिरा आणि मुर्वेद्र. सिरा म्हणजेच नाशिकच्या बाटल्यांवर दिसणारी शिराझ.

एओसीच्या नियंत्रणात प्रयोगशाळेतल्या तपासणीबरोबर चाखणीही येते. वाइन थोर आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. ती निर्दोष आहे का आणि आपल्या नावाला शोभते का, एवढेच पाहतात. रोजच्या वाइनला याहून कडक कसोटी लावण्यात अर्थ नाही.

चाखण्यासाठी तोंडाशी निमुळता होत गेलेला पेला घेतात आणि त्यात जेमतेम ५० मिलिलिटर वाइन ओततात. तापमान १६ ते १७ अंश सेल्सिअस असावे. ‘रेड वाइन फ्रिजमध्ये ठेवू नये’ हा नियम आपल्याकडच्या उन्हाळ्यात सरळ मोडावा. ग्रनाशमध्ये साखर भरपूर, त्यामुळे या वाइनमध्ये अल्कोहोल बऱ्याचदा १४ टक्क्यांपर्यंत जाते आणि गरम पेल्यात बाकी सगळ्यावर मात करते.

रंगावरून फारसे ठरवू नये. ग्रनाशची साल पातळ असते, म्हणून फिका रंग हा दोष नव्हे. काचेवरून ओघळणाऱ्या रेषांचे कौतुकही व्यर्थ. त्या मुख्यतः अल्कोहोलमुळे पडतात. उलट रंग नाकाला फसवतो. फ्रान्समधल्या बोर्दो येथे ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली व्हाइट वाइन हुंगायला दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियू यांचा हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

खरी पारख नाकाने होते. आधी पेला न हलवता हुंगावा, मग गोल फिरवून. ग्रनाशकडून स्ट्रॉबेरी-रास्पबेरीसारखा फळांचा वास येतो, सिराकडून काळ्या मिरीचा. मिरीचा हा वास खरोखरच मिरीत असणाऱ्या रोटंडोन या संयुगाचा असतो. ते वाइनमध्ये २००८ मध्ये ओळखले गेले. साधारण पाचांतल्या एकाला हा वास येतच नाही, तेव्हा शेजाऱ्याला मिरी जाणवली आणि आपल्याला नाही, तर ओशाळण्याचे कारण नाही.

दोष ओळखणे याहून उपयोगाचे. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर बुचातून आलेल्या टीसीए या संयुगाने वाइन बिघडली आहे. बाटली परत करावी. नेलपॉलिशसारखा किंवा व्हिनेगरसारखा झणका म्हणजे वाइन आंबटाकडे चालली आहे. काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास मात्र हवा लागल्यावर पुष्कळदा जातो. लगेच निकाल देऊ नये. तबेल्याचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टमुळे येतो. तो किंचित असेल तर दक्षिण रोनचे काही जुने चाहते चालवून घेतात. नव्या माणसाने तसे करायची सक्ती नाही.

घोट तोंडात फिरवून थोडी हवा आत ओढावी. आंबटपणा जाणवून लाळ सुटते, आणि टॅनिन या तुरट द्रव्यामुळे कच्चा चिकू खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळतात. या वाइनमध्ये टॅनिन मऊ हवे. ते बोचत असेल तर भाजलेल्या मटणाबरोबर पुन्हा चाखावे, प्रथिनांमुळे ते बरेच निवते. घशात जळजळ झाली, तर फळाचा गर कमी पडून अल्कोहोल वरचढ झाले आहे. स्वाद किती वेळ टिकतो हेही पाहतात, पण इथे काही सेकंद पुरेत. मिनिटभर रेंगाळणारी चव हवी असेल, तर त्याच खोऱ्यातल्या शातोनफ-द्यु-पाप या वाइनकडे वळावे आणि किंमतही तशीच मोजावी.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशीही फळाचा वास शाबूत असेल, तर खरेदी बरी झाली.