फाय कॅपा साय, इंडियाना बीटा चॅप्टर: माजी सदस्यांची खेळातली कामगिरी

फाय कॅपा साय ही अमेरिकेतल्या कॉलेजांमधली एक जुनी फ्रॅटर्निटी, म्हणजे मुलग्यांची विद्यार्थी संघटना, १८५२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्ग गावच्या जेफरसन कॉलेजात लेटरमन आणि मूर या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेली. इंडियाना युनिव्हर्सिटीतली तिची शाखा म्हणजे इंडियाना बीटा चॅप्टर, सुरुवात १८६९, गाव ब्लूमिंग्टन. शाखांची नावं राज्याचं नाव आणि त्यापुढे ग्रीक अक्षर अशी पडतात, त्याच राज्यातल्या डीपॉ युनिव्हर्सिटीची शाखा आधीची म्हणून ती इंडियाना अल्फा आणि ब्लूमिंग्टनवाले बीटा. बोलताना सगळे नुसतं ‘फाय साय’ म्हणतात.

आपल्याकडे फ्रॅटर्निटी म्हटलं की सिनेमातल्या दारूच्या पार्ट्या डोळ्यासमोर येतात, त्या असतातच, पण त्याशिवाय ते एकत्र राहायचं घर असतं, वर्गणी असते, नवीन पोरांना पारखून घ्यायची पद्धत असते, आणि एकदा आत आलात की मरेपर्यंत मेंबर. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीची स्वतःची फुटबॉल टीम असते आणि मॅच हरली की अख्खी पेठ तोंड पाडून बसते, साधारण त्यातलाच प्रकार समजा, फक्त पेठेच्या जागी एक घर आणि त्यात राहणारी पोरं.

या चॅप्टरच्या माजी सदस्यांमध्ये खेळाच्या बाबतीत दोन नावं कायम घेतली जातात, मार्क स्पिट्झ आणि डेव्ह ब्लेझ. पहिलं जगाला माहीत आहे, दुसरं ब्लूमिंग्टनबाहेर फारसं कुणाला माहीत नाही, आणि तरी चॅप्टरची म्हणून जी कामगिरी म्हणायची ती खरं तर दुसऱ्याची आहे. कशी ते पुढे येईलच.

स्पिट्झ

मार्क स्पिट्झ मूळचा कॅलिफोर्नियाचा, जन्म १९५०. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकला जाताना सहा गोल्ड आणतो असं छाती ठोकून सांगून गेला आणि हाती आली रिलेची दोन, शिवाय एक सिल्व्हर आणि एक ब्राँझ. दुसऱ्या कुणासाठी हे आयुष्यभर पुरलं असतं, याच्यासाठी मात्र नाचक्की झाली. त्यानंतर जानेवारी १९६९ मध्ये तो इंडियानाला आला तो डॉक काउन्सिलमन या कोचसाठी. काउन्सिलमन म्हणजे पाण्याखालून फिल्म काढून पोहणाऱ्याचा हात नेमका कसा फिरतो हे तपासणारा माणूस, शास्त्रज्ञ आणि कोच एकातच (हा स्वतः १९७९ मध्ये ५८ व्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून गेला, यावरून काय ते समजून घ्या). त्याच्या हाताखाली इंडियानाने १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षं एनसीएए म्हणजे आंतरविद्यापीठ स्विमिंगचं टीम टायटल घेतलं, आणि त्या काळात स्पिट्झने वैयक्तिक ८ एनसीएए टायटलं मारली. शिकत होता डेंटिस्ट व्हायच्या तयारीचा कोर्स, राहिला फाय सायचा मेंबर, आणि १९७१ चं सुलिव्हन अवॉर्ड, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूचं, तेही त्यालाच.

मग म्युनिक १९७२. १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल, १०० आणि २०० मीटर बटरफ्लाय, आणि तीन रिले, सातच्या सात गोल्ड आणि सातही वर्ल्ड रेकॉर्डसकट. १०० फ्रीस्टाइल पोहायला तो आधी कचरत होता, कारण सहात सहा जिंकले तर हिरो आणि सातात सहा जिंकले तर लोक त्या एकाचंच बोलणार, असा त्याचा हिशोब. शेवटी पोहला आणि ५१.२२ सेकंदात जिंकला. मिशा ठेवून पोहायचा, तेव्हा बाकीचे लोक अंगावरचे केस काढून पाण्यात उतरायचे, आणि एका रशियन कोचला त्याने गंमतीत सांगितलं की मिशीमुळे पाणी तोंडापासून दूर जातं, तर पुढच्या वर्षी रशियन पोहणाऱ्यांच्या ओठांवर मिशा दिसल्या, असं तो स्वतः सांगायचा, खरं खोटं तोच जाणे. त्याच्या रेसेस संपल्या आणि ५ सप्टेंबरला इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला, स्पिट्झ ज्यू असल्यामुळे त्याला तातडीने जर्मनीबाहेर काढलं. एका ऑलिम्पिकमधल्या सात गोल्डचा रेकॉर्ड ३६ वर्षं टिकला, २००८ ला बीजिंगमध्ये फेल्प्सने आठ घेतली तेव्हा तुटला. दात मात्र त्याने कुणाचे काढले नाहीत, डेंटिस्ट व्हायचं राहूनच गेलं. १९९२ च्या ऑलिम्पिकसाठी चाळिशी ओलांडल्यावर परत पाण्यात उतरला, पण पात्रतेचं टायमिंग काही गाठता आलं नाही.

आता यात फ्रॅटर्निटीचं काय? सरळ सांगायचं तर फार काही नाही. ही मेडलं काउन्सिलमनच्या पूलमध्ये घडली, फाय सायच्या घरात नाही. फ्रॅटर्निट्या प्रसिद्ध मेंबरांच्या याद्या करतात तेव्हा असं नाव वरती लावणं साहजिक आहे, कोण सोडेल, पण तो तिथे राहिला नसता तरी पोहला असताच. ब्लेझचं तसं नाही.

लिटल ५००

ब्लेझ कळायला आधी ही रेस कळायला हवी. इंडियाना म्हणजे इंडियानापोलिस ५०० वाल्या मोटार रेसचं राज्य, तर १९५१ मध्ये हाउडी विल्कॉक्स ज्युनियर या युनिव्हर्सिटी फाउंडेशनच्या माणसाने त्याच धर्तीवर सायकलींची रेस चालू केली, नाव लिटल ५००. याचे वडील थोरले हाउडी विल्कॉक्स यांनी १९१९ ची खरी इंडियानापोलिस ५०० जिंकलेली, म्हणजे रेस घरातच होती. कल्पना सुचली ती हॉस्टेलभोवती सायकली पिदडणारी पोरं बघून, आणि हेतू होता नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्कॉलरशिपसाठी पैसे उभे करायचे.

मोटार रेससारख्याच ३३ टीम, तीन तीनच्या ११ रांगांत सुटतात. ट्रॅक पाव मैलाचा, त्यावर जळलेल्या कोळशाची बारीक खडी, पडलात की गुडघ्याची साल तिथेच राहते. पुरुषांचे २०० राउंड म्हणजे ५० मैल, ८० किलोमीटरच्या आसपास. टीम चार जणांची आणि चौघं आलटून पालटून चालवणार. सायकल सगळ्यांना एकाच प्रकारची, एक गिअर, हँडलला ब्रेक नाही, पेडल उलटं दाबलं की थांबते, पायाला पट्टे नाहीत, आपण शाळेत नेत होतो तिच्यापेक्षा फार काही भारी नाही. म्हणून पैसेवाल्या घराला महागडी सायकल आणून पुढे जाता येत नाही, जे काय आहे ते मांड्यांमध्ये.

आणि खरी मजा एक्स्चेंजला. येणारा रायडर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या आपल्या टीमच्या जागेत, शिरताना वेगात असतानाच एका बाजूला उतरतो, सायकल अजून पळतेय, पुढचा तिच्याबरोबर धावत हँडल पकडतो आणि सीटवर झेप टाकतो, तोवर पहिला बाजूला झालेला असला पाहिजे. दोघांपैकी एकाचं पाऊल चुकलं तर सायकल, दोन माणसं आणि शेजारच्या पिटमधली टीम असा सगळा ढीग होतो. आत्ताच्या नियमाने पुरुषांच्या टीमला असे किमान १० एक्स्चेंज करावे लागतात. मुख्य रेसच्या आधी पात्रता फेरी असते चार राउंडची, प्रत्येकाने एक राउंड, मध्ये तीन एक्स्चेंज, आणि इथेच कितीतरी टीम सायकल हातातून सुटून घरी जातात.

या रेसमध्ये उतरतो तो कॉलेजात शिकणारा विद्यार्थी, आणि टीम बहुतेक वेळा असते एका घराची किंवा हॉस्टेलची. म्हणून इथली जीत खऱ्या अर्थाने चॅप्टरची.

१९६२

१९६२ ची लिटल ५०० फाय कॅपा सायने जिंकली आणि त्यात डेव्ह ब्लेझने २०० पैकी १३९ राउंड एकट्याने मारले, म्हणजे पावणेपस्तीस मैल, ५६ किलोमीटरच्या घरात, आणि शेवटी फिनिश लाइनही त्यानेच ओलांडली. चौघांच्या टीममध्ये प्रत्येकाच्या वाट्याला ५० राउंड येतात हे लक्षात घेतलं की हा आकडा केवढा आहे ते समजतं, उरलेले ६१ राउंड बाकीच्यांनी मिळून. ब्लेझला इटलीचं आणि इटालियन ऑपेराचं वेड, पुढे तो इंडियानापोलिसमध्ये शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. ऑलिम्पिक वगैरे काही नाही, प्रोफेशनल सायकलिंगही नाही.

त्याच टीमचा राखीव रायडर होता स्टीव्ह टेसिच. जन्म १९४२, युगोस्लाव्हियातल्या उझित्से गावचा, चौदाव्या वर्षी आईबरोबर अमेरिकेत आलेला, इंडियानात वाढलेला. दोघांची दोस्ती झाली. टेसिच पुढे नाटककार झाला आणि ब्लेझवरून त्याने पटकथा लिहिली, तिच्यावर पीटर येट्सने १९७९ मध्ये ‘ब्रेकिंग अवे’ हा सिनेमा काढला. नायकाचं नाव डेव्ह स्टोलर, त्यातलं डेव्ह ब्लेझचं आणि आडनाव टीमचा मॅनेजर स्टोलरचं. इटालियन वेड जसंच्या तसं. शूटिंग ब्लूमिंग्टनमध्येच, रेस जुन्या स्टेडियममध्ये, जे पुढे पाडलं (रेस १९८१ पासून बिल आर्मस्ट्राँग स्टेडियममध्ये होते), आणि सिनेमात रेसची कॉमेंट्री करताना दिसतो तो खुद्द ब्लेझ. टेसिचला पटकथेचं ऑस्कर मिळालं. सायकलच्या रेसमध्ये राखीव बसलेल्या माणसाला ऑस्कर, हे या चॅप्टरच्या खेळातल्या कामगिरीत धरायचं की नाही यावर वाद घालता येईल, मी तरी धरतो.

पण सिनेमात एक मोठी अदलाबदल आहे. तिथे जिंकणारी पोरं फ्रॅटर्निटीची नाहीतच, ती आहेत कटर्स, गावातल्या चुनखडीच्या खाणीत काम केलेल्या लोकांची मुलं, युनिव्हर्सिटीवाले ज्यांना हिणवतात ती. खाणी खऱ्याच, एम्पायर स्टेट बिल्डिंगला इंडियानाचाच दगड लागलाय. फ्रॅटर्निटीवाले सिनेमात माजलेले, हरणारे. म्हणजे फाय सायच्या माणसाने फाय सायच्या विजयाची गोष्ट लिहिली आणि विजय उचलून दुसऱ्याच्या हातात दिला! गोष्ट म्हणून हे बरोबरच केलं त्याने, फ्रॅटर्निटी जिंकते यात कुणाला काय रडू येणार. आपल्याकडे १९९२ च्या आमीर खानच्या सायकल रेसवाल्या हिंदी सिनेमाचं याच्याशी साम्य आहे अशी चर्चा तेव्हापासून चालू आहे, गावातली साधी पोरं विरुद्ध श्रीमंत कॉलेज हा मामला बघितला की ती का होते ते कळतं.

सिनेमानंतर

सिनेमाने लिटल ५०० देशभर माहीत झाली. १९८७ मध्ये कॅपा अल्फा थीटा या सोरोरिटीच्या, म्हणजे मुलींच्या फ्रॅटर्निटीच्या, पोरींनी पुरुषांच्या रेसलाच पात्रता फेरी दिली, थोडक्यात हुकल्या, पण त्यातून १९८८ पासून बायकांची वेगळी रेस चालू झाली, १०० राउंडची.

आणि १९८४ मध्ये कुठल्याच फ्रॅटर्निटीत नसलेल्या काही विद्यार्थ्यांनी एक टीम काढली, नाव घेतलं सिनेमातलंच, कटर्स. त्याच वर्षी रेस जिंकली. पुढे २००७ ते २०११ सलग पाच वेळा जिंकली, आणि या रेसच्या इतिहासात सगळ्यात जास्त वेळा जिंकलेल्या पुरुषांच्या टीममध्ये नाव येतं ते त्यांचं, फाय सायचं नाही.