एकवीस गिअरची सायकल चढाला हलकी? एक खुलासा

‘अकरा गिअरची ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यावरही चालणारी सायकल) घेऊन चोर्ला घाट चढणार? त्यापेक्षा एकवीसवाली घे!’ गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे हा सल्ला फुकट मिळतो. तो चुकीचा आहे.

एकवीस म्हणजे पुढे 3 आणि मागे 7 चक्रं. त्यातले कितीतरी गिअर एकमेकांच्या जुळ्या भावासारखे. पुढे 48 दात्यांचं चक्र मागे 24चं, किंवा पुढे 28 मागे 14. दोन्हीकडे पेडलच्या एका फेरीत चाक दोनदाच फिरतं. घाटात कामाला येतो तो सगळ्यात हलका गिअर. अशा सायकलवर तो बहुधा 28-28, म्हणजे एका फेरीला चाकाची एक फेरी. अकरावालीला पुढे एकच 40 दात्यांची चेनरिंग (पुढचं चक्र) आणि मागे 11-42ची कॅसेट (11 ते 42 दात्यांच्या अकरा चक्रांचा संच) असेल, तर हाच आकडा 0.95 होतो. हलकी अकरावालीच!

तेव्हा दुकानात गिअर नको, दाते मोजा. आणखी हलका गिअर हवा म्हणून मोठी कॅसेट बसवण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) केवढं चक्र पेलतो ते बघा. चेनही बहुतेक लांब लागेल. स्वस्तात भागवायचं तर पुढे 38ची चेनरिंग लावा.

‘डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्यावरची तबकडी पॅडने दाबणारा) म्हणजे देखभाल बघायलाच नको’ हा दुसरा सल्लाही अर्धवट. केबलवाल्या डिस्कमध्ये पॅड झिजले की केबल किंवा पॅड हाताने जुळवून घ्यावे लागतात, हायड्रॉलिकमध्ये (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) पॅड ढकलणारे पिस्टन आपोआप पुढे सरकतात. पावसात आपला तांबडा चिखल पॅड भराभर खातो. धातूचे पॅड जास्त टिकतात, किंचाळतात ते सोसायचं. मात्र डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ (धातूचे नव्हेत, मऊ पॅड) असं कोरलेलं असेल तर धातूचे लावू नका.