कुत्र्या-मांजरांचे दात : घरची काळजी आणि दवाखान्यातली सफाई

कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं समजून वर्षानुवर्षं दुर्लक्ष होतं. निरोगी कुत्र्याच्या किंवा मांजराच्या तोंडाला दुर्गंधी येत नाही. येत असेल तर बहुतेक वेळा हिरडीखाली जंतू वाढलेले असतात. क्वचित मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेहही निघतो. त्यामुळे वास घालवायचं औषध विकत घेण्याआधी तोंड तपासून घ्या.

जेवल्यावर काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट थर धरतो. तो मऊ असतो, ओल्या फडक्यानेही निघतो. मात्र लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत तो कडक व्हायला लागतो आणि त्याचं पिवळं-तपकिरी कीटण बनतं. कीटण ब्रशने निघत नाही. आम्ही पशुवैद्य रोज ब्रश करा असं सांगतो ते एवढ्यासाठीच. रविवारी आंघोळ घालताना जोर लावून दात घासले, तर मधल्या दिवसांत घट्ट झालेला थर तसाच राहतो आणि हिरडी मात्र दुखावते. हिरडी नुसती लाल होऊन सुजली असेल तर ती पूर्ण बरी होते. दाताला धरून ठेवणारं हाड झिजलं, तर मात्र ते आपोआप भरून येत नाही.

आठवड्यातून एकदा ओठ उचलून बघा

वरचा ओठ बोटाने उचला आणि कोपऱ्यापर्यंत मागे न्या. पुढचे दात पांढरे दिसले म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातल्या मागच्या मोठ्या दाढेची बाहेरची बाजू बघा. तिच्या शेजारीच लाळेची नळी उघडते, म्हणून कीटण आधी तिथं जमतं. आपल्याकडच्या बऱ्याच कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यामुळे लाली दिसत नाही. अशा वेळी ओलं गॉज (जखमेवर बांधायचं जाळीदार सुती कापड) हिरडीच्या कडेवरून हलकेच फिरवा. त्याला रक्त लागलं तर दाखवायला आणा.

डोळ्याखाली गाठ येते, फुटते, सुकते, पुन्हा येते, असं होत असेल तर दोष बहुधा याच दाढेच्या मुळाशी असतो. डोळ्याचं मलम लावून वेळ घालवू नका.

ब्रश करायची सवय

घाई केली की प्राणी ब्रश बघूनच पळतो. पहिले तीन-चार दिवस फक्त ओठ उचला, बोट हिरडीवरून फिरवा आणि लगेच खाऊ द्या. मग बोटाला गॉज गुंडाळून त्यावर प्राण्यांची टूथपेस्ट लावा. ते जमलं की मऊ ब्रश हातात घ्या. मोठ्या कुत्र्याला पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, मांजराला मुगाच्या दाण्याएवढी. ती ब्रशच्या केसांत दाबून बसवा. वर नुसती ठेवली तर प्राणी चाटून मोकळा होतो.

तोंड उघडायची गरज नाही. जबडा मिटलेलाच असू द्या आणि ओठाखालून ब्रश आत सरकवा. दात आणि हिरडी मिळतात त्या रेषेवर ४५ अंशांत तिरका धरून छोटे गोल फिरवा. सुरुवात मागच्या दाढांपासून करा, कारण प्राण्याचा धीर संपायच्या आत त्या झालेल्या बऱ्या. एका बाजूला अर्धा मिनिट पुरतं. आतल्या बाजूचा हट्ट धरू नका. तिथं जिभेमुळे थर कमी साचतो. मांजराला समोरून धरलं तर ते पंजा मारतं. त्याला पाठ तुमच्याकडे करून बसवा आणि मागून हात न्या.

हिरडी आधीच सुजलेली असेल तर सुरुवातीला थोडं रक्त येतं. म्हणून ब्रश थांबवू नका. दोन आठवड्यांनंतरही रक्त येत राहिलं तर तपासणी हवी. दात हलत असेल किंवा स्पर्श केल्यावर प्राणी ओरडत असेल, तर घरी ब्रश सुरूच करू नका.

माणसांची टूथपेस्ट वापरू नका. प्राणी ती थुंकत नाहीत, गिळतात. तिच्यात फ्लोराइड असतं आणि काहींत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ. झायलिटॉलमुळे कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. मीठ, खायचा सोडा, लवंगेचं तेल हेही नको. लवंगेचं तेल मांजरासाठी विषारी आहे.

हाडं आणि चघळायच्या वस्तू

मटणाच्या नळीने दात साफ होतात हा समज महागात पडतो. दाढेचा बाहेरचा पापुद्रा उभा चिरून निघतो आणि आतली नस उघडी पडते. चघळायची वस्तू घेताना तिच्यात नख दाबून बघा. खूण उमटत नसेल तर ती दातांसाठी फार कडक आहे. साध्या कोरड्या खाद्याचाही दात साफ करायला फारसा उपयोग नाही, दात टेकताच दाणा फुटतो.

पिल्लं

दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात. सात महिन्यांनंतरही एका जागी दोन सुळे दिसत असतील तर लवकर आणा. पॉमेरेनियन, शिह त्झू अशा लहान जातींत हे नेहमी आढळतं. दोन दातांच्या फटीत अन्न अडकतं आणि नवा सुळा वाकडा येतो.

मांजरांबद्दल थोडं वेगळं

मांजर दुखणं लपवतं. वाटीपाशी येऊन वास घेतं आणि मागे सरतं, मान तिरकी करून चावतं, घास तोंडातून पाडतं, अंग चाटणं सोडतं. ही लक्षणं ‘नखरे’ म्हणून सोडून देऊ नका. मांजरांत दात हिरडीपाशी विरघळत जाण्याचा आजार बराच आढळतो. त्याची व्याप्ती एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि असा दात काढावाच लागतो. दात काढलेली मांजरं मऊ अन्न नीट खातात, वेदना गेल्यामुळे बऱ्याचदा आधीपेक्षा जास्तच. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतावर चरबी चढायचा धोका असतो, तेव्हा थांबू नका.

स्केलिंग (कीटण खरवडून काढणं) भूल देऊनच का?

जागेपणी कीटण खरवडलं की दात चकचकीत दिसतात, पण आजार असतो हिरडीखाली आणि जागा प्राणी तिथं हात लावू देत नाही. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालतात, त्यामुळे स्केलरचं पाणी आणि कीटणाचे तुकडे फुप्फुसात जात नाहीत. प्रत्येक दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मोजतात. कुत्र्यात ३ मिलिमीटरपेक्षा आणि मांजरात १ मिलिमीटरपेक्षा जास्त खोली म्हणजे आजार. शेवटी पॉलिश करणं आवश्यकच, नाहीतर खरखरीत राहिलेल्या दातावर कीटण आणखी लवकर बसतं. भुलीआधी रक्त तपासतो. प्रौढ प्राण्याला रात्रीच्या जेवणानंतर खायला देऊ नका, पाणी सकाळपर्यंत चालेल. पिल्लू किंवा मधुमेही प्राणी असेल तर वेळ आम्हाला विचारून ठरवा.

घरातल्या माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या स्वतःहून देऊ नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात.

हात घालू नका

कुत्रा पंजाने तोंड ओरबाडत असेल तर टाळूत हाड आडवं अडकलेलं असू शकतं. पण लाळ गळते, जबडा लोंबतो, पाणी गिळता येत नाही, ही रेबीजचीही लक्षणं आहेत. हाड काढायला म्हणून तोंडात हात घालू नका, विशेषतः लस झालेली नसेल किंवा कुत्रा रस्त्यावरचा असेल तर. आधी फोन करा. लाळ जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा, डोळे-तोंड नुसत्या भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करा.