जाळी आधी आली, काच फार नंतर

घरातल्या फायरप्लेसला मापाने काचेची दारं करून घ्यायची म्हटलं की बोलणं बहुतेक वेळा चौकटीच्या रंगावर येऊन थांबतं. पितळी की काळी, दोन पल्ले की घडीचे चार. त्याआधी विचारायला हवं की या दारांनी नेमकं काय अडवायचं आहे. जाळी ठिणगी अडवते, काच हवा अडवते. आज दोन्ही एकाच चौकटीत बसवून मिळतात, पण त्या आल्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणींतून.

मध्ययुगीन युरोपात बहुतेक घरांत विस्तव खोलीच्या मधोमध असायचा आणि धूर छपरातून वाट काढायचा. बाराव्या शतकात किल्ल्यांच्या भिंतींत धुराडी दिसू लागली, साध्या घरांत ती रुळायला आणखी काही शतकं गेली. रात्रीची धास्ती मात्र सगळ्यांना सारखीच होती: सगळे झोपल्यावर निखारा उडाला तर? म्हणून निखारे मागे लोटून त्यांवर धातूचं किंवा भाजलेल्या मातीचं झाकण ठेवत. ‘आग झाका’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून ‘कर्फ्यू’ हा शब्द आला. संध्याकाळची घंटा झाली की विस्तव झाकायचा, एवढाच त्याचा मूळ अर्थ होता.

अठराव्या शतकात श्रीमंत घरांत भरतकाम केलेले, उंच दांड्यावर वरखाली सरकणारे पडदे आले. शेजारी बसलेल्याच्या तोंडाला झळ लागू नये एवढंच त्यांचं काम. ठिणगी अडवायला ते निरुपयोगी होते, कारण ते स्वतःच लाकडाचे आणि कापडाचे. आज शोभेचे म्हणून विकले जाणारे काही पडदे याच घराण्यातले आहेत. ते आगीसमोर ठेवायचे की विझल्यावर, हे घेण्याआधी विचारून घ्यावं.

संरक्षक जाळीकडे गांभीर्याने पाहायला लावलं ते मुलांच्या भाजण्याने. ब्रिटनच्या 1908 च्या बालकविषयक कायद्यात यासाठी स्वतंत्र कलम आलं. सात वर्षांखालच्या मुलाला पुरेसं संरक्षण नसलेली उघडी शेगडी असलेल्या खोलीत राहू दिलं आणि त्यामुळे ते दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, तर जबाबदार व्यक्तीला दहा पौंडांपर्यंत दंड. मूल भाजल्यानंतर दंड करून काय साधणार, असं वाटतं खरं. पण घरातल्या विस्तवापुढे जाळी हवी हे कायद्याने मान्य केलं, हे मोठंच पाऊल होतं.

काचेची कथा हवेपासून सुरू होते. उघडी फायरप्लेस खोलीतलीच हवा ओढते आणि ती तापवून धुराड्यातून बाहेर फेकते. उष्णतेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ काउंट रमफर्ड यांनी 1796 मध्ये धुराड्याचा गळा अरुंद केला, चूल उथळ केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या. धूर नीट वर जाऊ लागला आणि उष्णता खोलीत जास्त परतू लागली. तरी रात्रीची अडचण उरलीच. आग मंदावली तरी निखारे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडत राहतात, म्हणून धुराड्याची झडप बंद करता येत नाही. झडप उघडी, म्हणजे खोलीची ऊब रात्रभर वर जाणार. यावर उपाय म्हणजे तोंडाशीच दार लावणं. 1973 च्या तेलसंकटानंतर इंधन महागलं, तेव्हा अमेरिकेत अशी काचेची दारं घरोघर बसू लागली, ती या गळतीमुळे.

पण आगीपुढे टिकेल अशी काच आणायची कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या स्टोव्हच्या दारांत अभ्रकाच्या पातळ पत्र्यांच्या छोट्या खिडक्या असत. अभ्रक उष्णता सोसतं, पण त्याचे पापुद्रे सुटतात. साधी काच एका जागी तापून फुगते, शेजारी गार राहते आणि तडकते. 1874 मध्ये फ्रान्समध्ये द ला बास्ती यांनी तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याची पद्धत काढली. आज तेलाऐवजी हवेचे झोत मारतात. ही टेंपर्ड काच फुटली तर बोथट दाण्यांत फुटते. मात्र सतत फार तापली तर तिचा कडकपणा उतरत जातो. म्हणूनच अशी दारं बनवणारे सहसा सांगतात की आग जोरात असताना दारं उघडी ठेवा, पुढे जाळी ओढा आणि निखारे मंदावले की दारं लावा.

पुढचा टप्पा निव्वळ अपघाताने गाठला गेला. 1953 मध्ये कॉर्निंग या काच बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीतले संशोधक डोनाल्ड स्टूकी यांच्या भट्टीचं तापमान 600 ऐवजी 900 अंश सेल्सियसच्या आसपास गेलं. काच वितळून भट्टी खराब झाली असणार असं त्यांना वाटलं. आत होती पांढरी, आकार न बिघडलेली चकती. बाहेर काढताना ती चिमट्यातून निसटून जमिनीवर पडली आणि फुटली नाही. ही ग्लास-सिरॅमिक. पुढे तिचे पारदर्शक प्रकार निघाले. तापल्यावर ते जवळजवळ फुगतच नाहीत, त्यामुळे पेटत्या आगीसमोरचं बंद दार शक्य झालं. दिसायला ती टेंपर्ड काचेसारखीच असते. म्हणून काच कोणती आहे हे मागणीच्या कागदावर लिहूनच घ्यावं.

गंमत म्हणजे काच आली तरी जाळी गेली नाही. गॅसच्या फायरप्लेसमध्ये ठिणगी नसते, पण पुढची काच तापून लहान मुलांचे तळवे भाजू लागले. अमेरिकेतल्या मानकांनुसार 1 जानेवारी 2015 पासून, काच 78 अंश सेल्सियसच्या वर तापत असेल तर नव्या गॅस फायरप्लेससोबत संरक्षक अडसर द्यावा लागतो. तो बहुधा जाळीचाच असतो.

मापाने करून घेण्याची गरज मुख्यतः विटा-दगडांच्या जुन्या फायरप्लेसना पडते. तोंडाची रुंदी वर एक आणि खाली एक, डावी उंची उजवीपेक्षा बोटभर कमी, कमान असेल तर दोन्ही बाजूंची वळणंही सारखी नसतात. रुंदी आणि उंची प्रत्येकी दोन-तीन जागी मोजावी, कर्णही घ्यावेत. कमानीचा पुठ्ठ्यावर छाप काढून तोच कारागिराला द्यावा. चौकट तोंडाच्या आत बसणार असेल तर सर्वांत कमी माप धरायचं, बाहेरून झाकणारी असेल तर सर्वांत जास्त. कारखान्यात तयार झालेल्या पत्र्याच्या फायरप्लेसला मात्र त्याच मॉडेलसाठी मान्य केलेली दारंच लावावीत. तिच्या पत्र्यांमधून थंड हवा खेळत असते. परकी चौकट त्या फटी बुजवते आणि मागचं लाकूड तापू लागतं.