गिलानभेषज: पांडवलेण्यातला औषधनिधी

12 मे, म्हणजे जागतिक परिचारिका दिन, जवळ आला की नर्सिंग कॉलेजांची बोलावणी सुरू होतात. विषय ठरलेला, परिचर्येचा इतिहास. पहिली स्लाइडही ठरलेली: हातात दिवा घेतलेल्या फ्लोरेन्स नाइटिंगेल. काही वर्षं मीही तेच केलं. पुढच्या बाकांवरच्या मुली वहीत ‘दया, सेवा, त्याग’ उतरवून घ्यायच्या आणि मागच्या बाकांवरच्या, रात्रपाळी करून आलेल्या, झोपायच्या. हळूहळू मला मागच्यांचं पटायला लागलं.

यंदा हॉल नको म्हटलं आणि सगळ्यांना सकाळी साडेसहाला पांडवलेण्याच्या, म्हणजे नाशिकच्या बौद्ध लेण्यांच्या, पायथ्याशी बोलावलं.

नाशिककरांना ही चैन परवडते. राज्यातल्या बहुतेक बीएस्सी नर्सिंगच्या पदव्या ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात, ते आपल्या दिंडोरी रोडवर, 1998 सालचं. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या डोंगरात, आजाऱ्यांच्या औषधासाठी पैसे गुंतवल्याची नोंद दगडात कोरलेली आहे. ती इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली.

दहा नंबरचं लेणं. घंटेच्या आकाराचे खांबशीर्ष बघून फोटो काढायचा आणि पुढं जायचं, असा इथला रिवाज. अक्षरांकडं कोणी बघत नाही. ब्राह्मी वाचता येत नसेल तर बघून करणार काय? लेख आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षातला आहे, पण दान राजाचं नाही. दान विष्णुदत्ता नावाच्या, शक वंशातल्या उपासिकेचं. ती कोणाची मुलगी, कोणाची बायको, कोणाची आई, हे सगळं आधी येतं (सातबाऱ्यासारखं), मग काम सांगितलंय: त्रिरश्मी पर्वतावरच्या विहारात राहणाऱ्या, चारी दिशांनी आलेल्या भिक्षुसंघाच्या ‘गिलानभेषजा’साठी ही अक्षयनीवी.

त्रिरश्मी म्हणजे आपण उभे होतो तो डोंगर. भेषज म्हणजे औषध. आणि गिलान? संस्कृत ‘ग्लान’ म्हणजे आजारानं गळून गेलेला, त्याचं हे पाली-प्राकृत रूप. पेशंटला ग्लानी आली, असं आपण आजही म्हणतो, ती ग्लानी याच घरातली. हे सांगितल्यावर पहिल्यांदा मोबाइल खाली गेले.

अक्षयनीवी म्हणजे मोडता न येणारी मुद्दल; खर्चायचं फक्त व्याज. ही रक्कम विष्णुदत्तेनं विहाराच्या हातात दिली नाही. गोवर्धनच्या व्यावसायिकांच्या श्रेणींकडं, म्हणजे संघांकडं, ठेवली. सोमेश्वरच्या पुढं गंगापूरकडं जाताना गोवर्धन गाव लागतं, तेच हे नाव. कुलरिकांच्या श्रेणीकडं, हे बहुधा कुंभार, 1000 कार्षापण (तेव्हाची नाणी). पाण्याची यंत्रं करणाऱ्या ओदयंत्रिकांकडं 2000. आणखी एका श्रेणीकडं 500. तिळाचं तेल गाळणाऱ्यांचंही नाव आहे, पण तिथं दगड झिजलाय. एकाच टोपलीत सगळी अंडी नकोत, हे बाईंना कळत होतं.

व्याज किती येत असेल? त्याच लेण्यात शंभराहून अधिक वर्षं आधीचा, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यानं विणकरांकडं 2000 कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजानं. म्हणजे महिन्याला 20, वर्षाला 240. वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात विहारात मुक्कामाला असलेल्या, 20 भिक्षूंना चिवरासाठी (भिक्षूचं वस्त्र) प्रत्येकी 12. गणित पैशाला पैसा जुळतं. तोच दर विष्णुदत्तेच्या वाचता येणाऱ्या 3500 ला लावला, तर औषधांना वर्षाला 420 कार्षापण मिळतात. पस्तीस जणांच्या चिवरांइतके. हा हिशेब एका मुलीनं माझ्याआधी केला.

औषधाची सोय झाली. ते पाजणारे हात कोणाचे? बौद्ध विनयग्रंथांत एक प्रसंग येतो. अतिसारानं आजारी भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडलेला. इतरांच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी बघत नाही. बुद्ध आणि आनंद त्याला स्वतः आंघोळ घालतात, उचलून मंचकावर ठेवतात. पुढं शुश्रूषा करणाऱ्याचे गुण येतात: औषध तयार करता यावं, पथ्यापथ्य कळावं, मलमूत्र-उलटी उचलायची किळस नसावी, लाभाच्या आशेनं नव्हे तर मैत्रभावानं करावं, रोग्याला धीर देता यावा. पाचांतला किळशीचा मुद्दा वाचताना मागं जो हशा पिकला, तो पहिल्या वर्षाच्या मुलींचा नव्हता.

पायऱ्यांवर बसून चहा घेताना नाइटिंगेलबाई आल्याच. क्रिमियन युद्धात त्या 38 जणींना घेऊन नोव्हेंबर 1854 मध्ये तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. म्हणजे दिवा घेऊन फिरणं तेव्हापासून चालू होतं. मृत्यू मात्र वाढतच गेले. फेब्रुवारी 1855 मध्ये शेकडा 42 च्या घरात. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला, त्यानं इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत आकडा शेकडा 2 वर आला. युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासोबत आकडेवारी मांडताना बाईंना याचा अर्थ लागला. तो मंत्र्यांना एका नजरेत कळावा म्हणून त्यांनी 1858 मध्ये गोल आकृती काढली: बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या, सारख्या कोनाच्या, आणि पाकळीचं क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात. त्यामुळं चौपट मृत्यूंची पाकळी लांबीला फक्त दुप्पट दिसते. निळा रंग टाळता येण्याजोग्या संसर्गजन्य रोगांचा, लाल जखमांचा. लाल भाग बघायला डोळे बारीक करावे लागतात. माझं स्पष्ट मत आहे, कॉलेजच्या भिंतीवर दिव्याऐवजी ही आकृती लावावी.

भारतात त्या कधीच आल्या नाहीत. तरी इथल्या छावण्यांकडून माहिती मागवून त्यांनी 1863 मध्ये दाखवून दिलं, की भारतातल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी 69 माणसं मरतात. आपली देवळाली छावणी याच काळातली, 1861 ची. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथं कुजलेल्या शिपायांमुळं इंग्रजीत ‘डूलाली टॅप’ हा शब्द आला: डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे चक्क आपला ताप. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज अजून डूलाली म्हणतो.

निघताना चरकसंहिता काढली. तिच्यात उपचाराचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, परिचर आणि रोगी. परिचारिका हा आपला शब्द त्याच परिचराचा. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात रुग्णगृहात माणसं कोणकोणती हवीत याची यादी आहे: भात-वरण रांधणारे, आंघोळ घालणारे, अंग रगडणारे, औषध वाटणारे. त्यात ‘उत्थापक’ आणि ‘संवेशक’ असे दोन शब्द येतात. रोग्याला उठवणारा आणि निजवणारा.

मुलींसोबत आलेल्या इन्चार्ज सिस्टर इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “सर, एवढ्यासाठी वेगळी माणसं?”

“तुम्हीच सांगा.”

मग त्यांनीच सांगितलं. माणूस एकाच स्थितीत पडून राहिला की माकडहाड, टाच, खुब्यापाशी हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपते. बारीक रक्तवाहिन्या मिटतात, तेवढ्या जागेला रक्त मिळत नाही. आधी नुसती लाली येते, दाबली तरी जात नाही. मग कातडी फुटते, आणि खाली जखम वरून दिसते त्याहून मोठी निघते. म्हणून सहसा दर दोन तासांनी कूस बदलायची. चादर ओढून नाही, दोघींनी उचलून. ओढलं तर कातडी आणखी सोलवटते. मलम नंतरची गोष्ट. “मुलींना मी इंजेक्शनच्या आधी हे शिकवते,” त्या म्हणाल्या.

पायथ्याशी बस उभी होती. सिस्टरांनी घड्याळ बघितलं आणि वॉर्डात फोन लावला.

“सात नंबरच्या आजोबांना आठ वाजता डावीकडं केलं होतं ना? मग आता दहा झाले. मावशींना हाक मार, एकटी करू नकोस.”