लेन्सचा शार्पनेस आणि जाहिरातबाजी

बारीक रेघा वेगळ्या दिसणे आणि काळ्या-पांढऱ्यातला उठाव टिकणे, या दोन्ही गोष्टी मिळून लेन्सचा शार्पनेस ठरतो. कंपन्यांच्या एमटीएफ आलेखात (लेन्स उठाव किती टिकवते ते दाखवणाऱ्या) उभ्या अक्षावर उठाव आणि आडव्यावर केंद्रापासूनचे अंतर असते. ठळक तपशिलासाठी मिलिमीटरला १० आणि बारीकसाठी ३० रेषाजोड्या (एक काळी, एक पांढरी) धरतात. मात्र बरेच आलेख आराखड्यावरून संगणकाने काढलेले असतात, हातात येणाऱ्या नगावर मोजलेले नसतात. ‘ईडी’ काच (रंग कमी विखुरणारी खास काच) कडांवरची रंगीत किनार कमी करते. लेन्सवरची सोनेरी किंवा लाल पट्टी ही फक्त कंपनीच्या महागड्या मालिकेची खूण; तिने शार्पनेस वाढत नाही.

खानदेशातल्या लग्नसराईत १२ बाय ३६ इंची अल्बम चालतो. त्याच्या अर्ध्या भागाला, म्हणजे १८ बाय १२ इंचांना, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे १९.४ मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि एफ/८ ॲपर्चरवरची (लेन्समधले छिद्र; आकडा मोठा तितके ते लहान) साधी किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी, त्याला पुरते. मांडवातला अंधार ही वेगळी अडचण; मोठ्या ॲपर्चरचे पैसे तिथे वसूल होतात.

फोटो बिघडतो तो बहुधा इतर कारणांनी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नाचता घोडा १/१२५ सेकंदाने टिपायचा आणि ‘लेन्स सॉफ्ट आहे’ म्हणायचे, हे नेहमीचेच. तिथे १/१००० हवा. हतनूर धरणावर ऊन चढले की हवा लहरते आणि ४०० मिमीच्या लेन्समधून लांबच्या पक्ष्याची पिसे लगदा होतात. महागडी लेन्स ती लहरणारी हवाच जास्त स्पष्ट दाखवते! गाडीत एसी चालू ठेवून खिडकीतून फोटो काढला तरी हाच दोष येतो. तोरणमाळचा देखावा एफ/२२ वर घेतला तर विवर्तन (लहान छिद्रातून जाताना प्रकाशाचे पसरणे) आडवे येते: एफ/१६ लाच प्रकाशबिंदू सुमारे २१ मायक्रॉनचा होतो, तर २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवरचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा असतो.

नवी लेन्स तपासायला सपाट भिंतीवर वर्तमानपत्राची पाने ताणून चिकटवावीत. ५० मिमीला दोन-अडीच मीटर अंतर ठेवावे. भिंतीला आरसा टेकवून लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या मधोमध आणले की कॅमेरा सरळ. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचे चालू दृश्य) मोठा करून हाताने फोकस. मग सगळ्यात उघड्या ॲपर्चरपासून एफ/११ पर्यंत फोटो. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. पुन्हा आरसा लावून घेतल्यावरही तोच एक कोपरा धूसर आला, तर आतले भिंग सरकलेले असते. परतीची मुदत संपण्याआधी तो नग बदलून घ्यावा.